मागच्या रांगेतली तिसरी

मी समुपदेशक आहे. दर जूनमध्ये आणि पुन्हा सहामाहीच्या निकालानंतर माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. लातूरमध्ये तो येणारच. इथे आठवीपासून नीटचा फाउंडेशन क्लास लागतो. "मॅडम, लेकरू शाळेच्या समूहगानात आहे. आठवड्याचे तीन-चार तास जातात. पुढे गाणं करायचं नाहीच, मग बंद करू का?"

त्यातल्याच एका आईची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि पाच भेटींतलं बोलणं थोडक्यात देते.

"मीही गायलेय ना," त्या म्हणाल्या. "परभणीला, शाळेत, चार वर्षं. १७ सप्टेंबरचं, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आमच्या गाण्याशिवाय व्हायचं नाही. काय राहिलं त्याचं? आज एक ओळ गात नाही मी."

मी वाद घातला नाही. लहानपणच्या आठवणींवर माझा फार भरवसा आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड ॲडलर यांचं म्हणणं होतं, की माणूस असंख्य प्रसंगांतून नेमके तेच जपतो, ज्यांचा त्याच्या आजच्या जगण्याशी संबंध असतो. मी एवढंच विचारलं, "उभ्या कुठे राहायचात?"

"मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी." उत्तर लगेच आलं.

"शेजारी कोण?"

"बारीकशी मुलगी होती एक. तिला दम पुरायचा नाही. लांब ओळ आली की ती मध्येच श्वास घ्यायची, तेव्हा मी सूर धरून ठेवायचे. मग मी घ्यायचे, ती धरायची. सरांना कळायचंसुद्धा नाही." सांगता सांगता त्यांनी खरोखर श्वास ओढून दाखवला.

"आता असं कुठे करता?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. घरी सासूबाई पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेल्या, रात्रीचं बघायला या आणि मोठ्या जाऊबाई. "आमचं काही ठरलेलं नाही मॅडम. जाऊबाईंचा आवाज चढला की मला कळतं, दमल्या. मी उठते. माझं तसं झालं की त्या न बोलता येऊन बसतात." मग हळूच म्हणाल्या, "हे तेच आहे की काय?"

तेच होतं. मी काही समजावलं नव्हतं, त्यांचं त्यांना सापडलं. माझ्या कामातले असे क्षण मी जपून ठेवते. त्या दिवशी मलाही एक गोष्ट लख्ख दिसली. लहानपणच्या समूहगानाचा परिणाम आपण पुढच्या गाण्यात शोधतो, म्हणून तो सापडत नाही. एकट्यानं गाताना दम संपला की सूर तुटतो. समूहात श्वास आळीपाळीनं घेतात, म्हणून तो चालू राहतो. आपल्याकडच्या सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तसंच हे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की एकत्र गाताना गाणाऱ्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची गती बरोबरीनं कमी-जास्त होते, कारण गाण्याची ओळ सगळ्यांचा श्वास एका लयीत आणते. अकरा-बारा वर्षांच्या लेकराला शेजारच्याचा दम ओळखायला शिकवणारा दुसरा तास शाळेत मला तरी माहीत नाही.

म्हणून आईवडिलांना माझं सांगणं आहे, मार्क घसरले म्हणून शिक्षा म्हणून गाणं बंद करू नका. आधी झोप आणि मोबाईल बघा. दहावीच्या वर्षी सरावाचा एखादा दिवस कमी करा, पण नातं तोडू नका. पाहुण्यांसमोर "एकट्यानं म्हणून दाखव" असा आग्रह नको. त्याचं गाणं चौघांतलं आहे. मुलांचा आवाज साधारण बारा ते चौदाच्या दरम्यान फुटतो, तेव्हा त्याला काढून टाकण्याऐवजी खालच्या सुरात, हळू गाऊ द्यावं, हे गाण्याच्या सरांशी बोलून घ्या. आणि "तू नुसते ओठ हलव" असं कुणी म्हणालं, तर त्याच आठवड्यात शाळेत जा. हे वाक्य ऐकलेली पन्नाशीची माणसं माझ्यासमोर बसली आहेत. ती आरतीतही तोंड उघडत नाहीत. लेकराला स्वतःलाच कंटाळा आला असेल, तर मात्र खुशाल थांबू द्या.

त्या आईनं शेवटच्या भेटीत क्लासचा विषय काढलाच नाही. निघताना सांगितलं, शनिवारची बॅच रविवारी करून घेतलीय. मुलगी पुढच्या रांगेत असते. आईनं तिला विचारलं होतं, शेजारी कोण उभं राहतं गं?