इकोमध्ये २१, सीटीमध्ये २४: टावीसाठी व्हॉल्व्हचे माप कशावरून ठरवावे?

आपल्या वडिलांच्या एऑर्टिक व्हॉल्व्हचे, म्हणजे हृदयातून महाधमनीत रक्त सोडणाऱ्या झडपेचे, माप छातीवरून केलेल्या इकोमध्ये २१ मिमी आणि सीटीमध्ये सरासरी २४ मिमी आले आहे. त्यातले खरे कोणते, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा रक्तातील निर्देशांक) थोडे वाढलेले असताना डाय (प्रतिमा स्पष्ट दिसावी म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) देऊन सीटी करण्याची गरज होती का, आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाल्यास सीटी पुन्हा करावे लागेल का, असे आपण विचारले आहे. हृदयाच्या सीटीवरून अशी मोजमापे काढण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे, त्या आधारे सविस्तर लिहीत आहे. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मात्र टावीमध्ये, म्हणजे छाती न उघडता बहुधा मांडीतल्या धमनीतून नळीने नवा व्हॉल्व्ह बसवण्याच्या प्रक्रियेत, त्या व्हॉल्व्हचा आकार सीटीवरूनच ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

झडपेच्या तीन पाकळ्या जिथे सर्वांत खाली चिकटलेल्या असतात, ते तीन बिंदू जोडून जे कडे तयार होते त्याला ॲन्युलस म्हणतात आणि नवा व्हॉल्व्ह तिथेच धरून राहतो. हे कडे बहुतेकांमध्ये गोल नसून लंबगोल असते. साध्या द्विमितीय इकोमध्ये त्याचा एकच छेद दिसतो, आणि तो बहुधा लहान व्यासाच्या जवळचा असतो. समजा, लहान व्यास २१ आणि मोठा २७ मिमी आहे. अशा लंबगोलाचे क्षेत्रफळ सुमारे ४४५ चौरस मिमी भरते आणि त्यावरून काढलेला सरासरी व्यास २३.८ येतो. इकोचे २१ घेऊन कडे गोल आहे असे धरले, तर क्षेत्रफळ जेमतेम ३४६ येते. फुग्याने फुलवल्या जाणाऱ्या सेपियन ३ या व्हॉल्व्हच्या तक्त्यात ३४६ ला २३ मिमीचा व्हॉल्व्ह बसतो, तर ४४५ ला २६ मिमीचा. म्हणजे तीन मिलिमीटरच्या फरकाने व्हॉल्व्हच बदलतो. आपोआप उघडणाऱ्या व्हॉल्व्हसाठी क्षेत्रफळाऐवजी कड्याचा परीघ पाहतात.

उघड्या शस्त्रक्रियेत सर्जन जुनी झडप कापून काढतात आणि मापाचे साचे प्रत्यक्ष बसवून पाहतात. टावीमध्ये ती सोय नाही. प्रतिमेवर जे मोजले तेच हाती असते. फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ ॲलन क्रिबिए यांनी २००२ मध्ये पहिली टावी केली, त्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत माप मुख्यतः इकोवर घेतले जाई, आणि व्हॉल्व्ह लहान पडून त्याच्या कडेने रक्त मागे गळण्याची तक्रार बरीच दिसे. उलट माप मोठे धरले, तर कडे फाटण्याचा किंवा हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा येऊन पेसमेकर बसवावा लागण्याचा धोका वाढतो.

सीटीचा आकडाही डोळे मिटून घ्यावा असा नसतो. स्कॅन ईसीजीशी जुळवून केलेला हवा आणि माप हृदय आकुंचन पावतानाच्या प्रतिमेवर घ्यावे, कारण त्या वेळी कडे सहसा सर्वांत मोठे असते. मोजणाऱ्याने तीन पाकळ्यांचे तळ एकेक करून शोधून त्यांतून जाणारी पातळी पक्की करावी लागते. त्यातला एक बिंदू जरी थोडा वर धरला गेला, तरी पातळी तिरपी होते आणि क्षेत्रफळ चुकते. कॅल्शियमचे खडे सीटीत आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात, त्यामुळे आतली कडा कुठे आखायची हा अनुभवाचा भाग आहे. म्हणूनच सीमेवरचे माप दोघांनी स्वतंत्रपणे काढावे, असा माझा आग्रह असतो.

डाय टाळायचाच असेल, तर अन्ननलिकेतून केलेला त्रिमितीय इको हा सर्वांत चांगला पर्याय आहे. त्यातही कड्याचे क्षेत्रफळ मिळते. ते सीटीपेक्षा बहुधा किंचित कमी येते, आणि दाट कॅल्शियमची सावली पडली की कडेचा काही भाग दिसेनासा होतो. एमआरआय डायशिवाय करता येतो आणि त्याची मापे सीटीशी चांगली जुळतात, पण वेळ खूप लागतो, अनियमित ठोक्यांमुळे प्रतिमा बिघडते आणि कॅल्शियम नीट दिसत नाही. माप दोन आकारांच्या मधोमध आले, तर प्रक्रियेच्या वेळी फुगा फुगवून शेवटची खात्री करता येते.

तरीही क्रिएटिनिन थोडेच वाढलेले असेल, तर एक सीटी करणे मला योग्य वाटते, कारण त्या एकाच तपासणीत कॉरोनरी धमन्यांची मुखे कड्यापासून किती उंचीवर आहेत, कड्याखाली कॅल्शियम कुठे साचले आहे आणि मांडीतल्या धमन्यांतून नळी जाईल का, हे सगळे कळते. टावीच्या वेळीही डाय वापरावा लागतोच, म्हणून दोन्हींमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवून मधे क्रिएटिनिन पुन्हा तपासावे, आणि किती अंतर ठेवायचे हे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

दुसरे मत घेताना केवळ अहवाल किंवा छापील फिल्म नेऊ नका. सीटी विभागातून डायकॉम (मूळ डिजिटल) स्वरूपातील पूर्ण प्रतिमांची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या आणि त्यात पातळ छेदांच्या, ईसीजीशी जुळवलेल्या प्रतिमा आहेत याची तिथेच खात्री करून घ्या. त्या नीट आलेल्या असतील, तर दुसरे डॉक्टर त्याच प्रतिमांवर नव्याने मोजमाप करू शकतात आणि वडिलांना पुन्हा डाय देण्याची वेळ सहसा येत नाही.