मूर्त्या घडवून घर चालते का जी?

बारावीचे निकाल लागले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो: पोराला चित्रकला किंवा शिल्पकला शिकायची आहे, पुढे खाणार काय? वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या वडिलांनी तो असा विचारला, "मूर्त्या घडवून घर चालते का जी? मले फक्त हो का नाही सांगा." (ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.)

कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. मुलगा सायन्सला, मार्क बरे. घरच्यांनी डी. फार्मसी ठरवून टाकलं होतं. पोरगा मात्र गावातल्या सुताराकडे बसून तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल कोरायचा आणि आता शिल्पकलेसाठी हटून बसला होता. एक वेळचं जेवणही सोडलेलं. "दोघं बोलतच नाहीत, निरोप पोचवाले मधात मी," आई म्हणाली.

मुलाला आधी एकट्याला बसवलं. पिशवीतून त्यानं वीतभर सागवानी बैल काढला. झुलीवरची नक्षी छत्रीच्या काडीला धार लावून काढलेली. सोबत प्लायवूडचा एक तुकडा होता. तो कोरून, शाई फासून, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायचं, असा त्याचा घरगुती छापखाना. पहिल्या ठशात वडिलांचं नाव उलटं उमटलं होतं. मग त्यानं दुसऱ्या तुकड्यावर अक्षरंच उलटी कोरली. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. कलेची ओढ बऱ्याच मुलांना असते. फसलेलं काम न रुसता पुन्हा करणारी थोडी. मी तेवढं टिपून ठेवलं.

शिल्प आणि ठसा या दोन वाटा दिसतात तितक्या लांब नाहीत, हे त्याला माहीत नव्हतं. कृष्णा रेड्डी १९२५ साली आंध्रातल्या एका खेड्यात जन्मले. शांतिनिकेतनात शिकले, लंडनला प्रसिद्ध इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांच्या हाताखाली शिल्पकला शिकले आणि पॅरिसला जाऊन मुद्राचित्रणात, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरून चित्रं छापण्याच्या कलेत, रमले. धातूची प्लेट ते शिल्पासारखीच खोल-उथळ कोरत. मग कमी-जास्त दाट शाया मऊ आणि कडक रोलरनं लावून एकाच प्लेटवरून अनेक रंग उमटवत. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पोराचे डोळे चमकले. वडिलांना मात्र मी हे नाव सांगितलं नाही. एका मोठ्या माणसाच्या भरवशावर कुणाला फी भरायला लावू नये, असं माझं मत आहे.

वडिलांसोबत मी कागद-पेन घेऊन बसले. बीएफए, म्हणजे कलेची पदवी, चार वर्षांची. बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते: वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान. शिल्पकला सगळ्याच कॉलेजांत नसते, हे फॉर्म भरण्याआधी पाहायचं. कमाईचं सांगायचं तर नुसती स्वतःची शिल्पं विकून पहिली काही वर्षं घर चालेल, या भ्रमात राहू नये. ब्राँझचं काम म्हणजे आधी माती, मग साचा, मग मेण, मग ओतकाम. विकलं जाण्याआधीच खिसा रिकामा. पण साचा काढणं, फायबर भरणं ज्याला येतं त्याला मजुरी मिळते. गणपतीच्या आधी नागपूरच्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या वस्तीत, फिरून बघा म्हटलं. ठशांचं गणित त्याहून सोपं. एका ब्लॉकवरून वीस प्रती काढायच्या, प्रत्येकीखाली पेन्सिलीनं ३/२०, ४/२० असा, म्हणजे विसातली कितवी प्रत ते सांगणारा, आकडा घालायचा. किंमत कमी ठेवता येते, घेणारेही जास्त मिळतात. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी दोन वर्षं दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. मिळेलच असं नाही, पण अर्ज करायला काय जातं?

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे जी, पण सोयऱ्याधायऱ्याले काय सांगू? फार्मसी म्हटलं की समजते." माझ्या अनुभवात पोटाच्या प्रश्नामागे पुष्कळदा हाच प्रश्न दबा धरून बसलेला असतो. त्याला मी हसले नाही. गावात राहणाऱ्या माणसाला ते रोज ऐकावं लागतं.

पोरालाही सुनावलं. तू उपाशी राहिलास तर बाप ऐकेल, पण त्याला पटणार नाही. शेवटी असं ठरलं: एकदा सीईटी द्यायची, नंबर लागला नाही तर मुकाट्यानं फार्मसी. पोरगा यावर दोन दिवस धुसफुसला. सीईटीच्या आधी बापलेकांनी मिळून एखादा मूर्तींचा कारखाना बघायचा आणि प्रश्न वडिलांनी विचारायचे. ते गेले. वडिलांनी दिवसाची मजुरी विचारली, बाराही महिने काम असते का विचारलं, उधारी बुडते का तेही विचारलं. परत येऊन म्हणाले, "सीझनमंदी कामाले तोटा नाही. बाकी दिवसाचं त्यानं पाहावं."

नंबर लागला. आता तो शिल्पकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत साचेकामाला जातो, खर्चापुरतं सुटतं. वडील सोयऱ्यांना "पोट्टा ड्रॉइंग मास्तर होऊन राहिला" म्हणून सांगतात. पोराला ते फार खटकतं. दुरुस्त करू का म्हणून मला फोन आला होता. मी म्हटलं, सध्या राहू दे.