बल्बचा खरा रोध कोणता?

प्रश्न : सर, मी विद्युत अभियांत्रिकी पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. मोटारीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 21 वॉटचा बल्ब मी पॉवर सप्लायला जोडला. 12 व्होल्टला 1.75 अँपिअर प्रवाह आला. गुणाकार 21 वॉट, भागाकार 6.86 ओहम. इथवर सगळं जुळलं. मग व्होल्टेज 6 वर आणलं. प्रवाह निम्मा व्हायला हवा होता, पण 1.2 अँपिअर आला. शेवटी बल्ब काढून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजला, तर 0.8 ओहम! त्यावरून शक्ती 180 वॉट येते. मीटर बिघडलाय, की बल्ब ओहमचा नियम पाळत नाही?

उत्तर : तुझा मीटर ठीक आहे आणि तिन्ही वाचनं जपून ठेवण्यासारखी आहेत. 6 व्होल्टचं वाचन चुकीचं समजून तू खोडलं नाहीस, याचा मला फार आनंद झाला. प्रयोगशाळेत शिकवताना मी उलटंच जास्त पाहिलं आहे. सूत्रात बसत नाही म्हणून मुलं आकडा बदलतात आणि शिकण्यासारखं नेमकं तेवढंच वहीतून निघून जातं.

आधी 6 व्होल्टचा हिशेब पूर्ण कर. 6 भागिले 1.2, म्हणजे रोध 5 ओहम. 6 गुणिले 1.2, म्हणजे शक्ती 7.2 वॉट. रोध 6.86 वर कायम राहिला असता तर शक्ती चौथाई, म्हणजे सव्वापाच वॉट झाली असती. ती जास्त आली, कारण फिलामेंट, म्हणजे बल्बमधली टंगस्टनची बारीक तार, थंड झालं आणि त्याचा रोध उतरला. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढतो. बल्ब पूर्ण उजळतो तेव्हा फिलामेंट दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं आणि त्याचा रोध थंड असतानाच्या दहापटीहून जास्त होतो. मल्टिमीटर रोध मोजताना अगदी थोडा प्रवाह सोडतो. त्याने फिलामेंट तापत नाही. त्यामुळे त्याने तुला थंड बल्बचा रोध दाखवला.

म्हणजे 6.86, 5 आणि 0.8 हे एकाच बल्बच्या तीन वेगवेगळ्या अवस्थांचे आकडे आहेत. चूक झाली ती 180 वॉटच्या हिशेबात. तिथे व्होल्टेज पेटलेल्या बल्बचं घेतलंस आणि रोध विझलेल्याचा. व्होल्टेज गुणिले प्रवाह ही शक्ती त्या क्षणाची असते आणि तिला ओहमच्या नियमाची गरजच नाही. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध हे सूत्रही बरोबरच आहे, पण दोन्ही आकडे एकाच क्षणाचे हवेत. तरी 180 हा आकडा अगदीच निरर्थक नाही. बटण दाबलं त्या क्षणी फिलामेंट थंडच असतं, म्हणून सप्लाय देऊ शकला तर निमिषभर तेवढी मोठी शक्ती खरोखर जाते. जुने बल्ब बहुतेकदा लावतानाच उडतात, त्यामागे हेही कारण आहे.

ओहमच्या नियमाबद्दल : धातूचं तापमान आणि बाकी परिस्थिती कायम असेल तर प्रवाह व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो, असं तो सांगतो. गेऑर्ग ओहमने 1827 साली आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याआधी प्रयोग करताना त्याला घटाचं व्होल्टेज डळमळतं असा त्रास झाला. तेव्हा त्याने बिस्मथ आणि तांब्याची जोडणी घेतली. तिचा एक सांधा उकळत्या पाण्याने तापवला, दुसरा बर्फात ठेवला. त्यातून अगदी लहान पण स्थिर व्होल्टेज मिळालं. एवढी काळजी घेतली म्हणून तो नियम हाती लागला. तुझ्या बल्बमध्ये तापमानच बदलत होतं. त्याच्या जागी 10 ओहमचा, 25 वॉटचा तारेचा रोधक लाव. 12 व्होल्टला 1.2 आणि 6 व्होल्टला 0.6 अँपिअर येईल, शक्तीही 14.4 वरून 3.6 वॉट, बरोबर चौथाई. रोधक चांगलाच तापतो, हात लावू नकोस.

आता त्या 0.8 ओहमकडे वळू, कारण तोही आकडा पुरता बल्बचा नाही. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकव. बहुधा 0.2 किंवा 0.3 ओहम दिसेल. तो तारांचा आणि सांध्यांचा रोध आहे, तो वजा कर. मोठ्या रोधात ही भर कळतही नाही, इथे मात्र ती पाव हिश्शाहून जास्त असू शकते.

याहून चांगली रीत आहे आणि ती तू करावीस असं मला मनापासून वाटतं. बल्बला एकसरीत 100 ओहमचा, 5 वॉटचा रोधक जोड. त्याचा रोध आधी मोजून ठेव. सप्लाय 12 व्होल्टवर ठेव. बल्ब पेटणार नाही, जवळपास थंडच राहील. रोधकावरचं व्होल्टेज मोजून त्याला त्याच्या रोधाने भागलंस की प्रवाह मिळेल, साधारण 0.12 अँपिअर. मग मीटर मिलीव्होल्टवर घेऊन टोकं थेट बल्बच्या धातूच्या बुडाला आणि तळाच्या संपर्कबिंदूला लाव, होल्डरच्या तारांना नको. साठ-सत्तर मिलीव्होल्टच्या आसपास काहीतरी येईल. त्याला प्रवाहाने भाग. व्होल्टमीटरमधून प्रवाह जवळजवळ जातच नाही, म्हणून त्याच्या तारांचा रोध या उत्तरात शिरत नाही. येईल तो आकडा मला कळव.