वाचकांचे प्रश्न : चित्रकार्डे, कानांची आवरणे आणि चघळलेली कॉलर

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा असून त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान दीड वर्षापूर्वी झाले. तो अद्याप एकही शब्द बोलत नाही. काही हवे असल्यास माझा हात धरून त्या वस्तूपाशी नेतो, नाहीतर रडतो. स्पीच थेरपिस्टनी चित्रकार्डे सुरू करायला सांगितले आहे. पण चित्रांवर भागू लागले तर मूल तोंड उघडणारच नाही, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. खरे सांगायचे तर मलाही तीच भीती वाटते. काय करावे? आणि मोबाइलवरचे अ‍ॅप घ्यावे का?
— एक आई, सांगली

उत्तर : सासूबाईंची शंका अडाणीपणाची नाही; एके काळी ती तज्ज्ञांनाही वाटत असे, आणि म्हणूनच ती तपासली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांच्या नोंदी काटेकोर होत्या अशा २७ व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे चित्रे, खुणा किंवा यंत्रे वापरल्यामुळे कमी झालेले आढळले नाही. उलट ८९ टक्के जणांच्या बोलण्यात वाढ दिसली. ही वाढ बहुतेकांच्या बाबतीत माफकच होती, त्यामुळे कार्डे दिली की मूल बोलू लागेल असे आश्वासन मी देणार नाही. मात्र कार्डांमुळे बोलणे अडते, ही भीती आपण दोघींनीही मनातून काढून टाकावी. मुलाची श्रवणचाचणी अजून झाली नसेल, तर ती मात्र सर्वांत आधी करून घ्यावी.

आपल्या थेरपिस्टना बहुधा ‘पेक्स’ ही, चित्रकार्ड देऊन हवी ती वस्तू मागण्याची पद्धत अभिप्रेत असावी. १९८५ साली अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ती विकसित केली, आणि तिचे मर्म चित्रापेक्षा देवाणघेवाणीत आहे. आज आपला मुलगा आपला हात एखाद्या अवजारासारखा वापरतो. कार्ड आपल्या तळहातावर ठेवताना त्याला माणसाकडे वळावे लागते. पहिल्या टप्प्यात दोन मोठी माणसे लागतात. एकाने मुलाच्या आवडीची वस्तू घेऊन समोर बसायचे, दुसऱ्याने मुलाच्या मागे बसून, एक शब्दही न बोलता, त्याचा हात कार्ड उचलून देण्यापुरता वळवायचा आणि ती मदत हळूहळू काढून घ्यायची. ‘काय पाहिजे?’ असे आधी विचारायचे नाही, कारण सुरुवात त्याच्याकडून व्हायला हवी. मागे बसण्याचे काम सासूबाईंकडे द्यावे, असे मी सुचवेन. कार्ड हातात पडताना पाहिलेल्या आजीला वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

पुढच्या टप्प्यांत कार्डांचे वाक्य होते, आणि तिथे मराठी घरांना एक अडचण येते, जी इंग्रजी पुस्तिकांत नसते. आपल्याकडे क्रियापद शेवटी येते आणि ते लिंगानुसार बदलते : लाडू हवा, पोळी हवी, दूध हवे. एका कार्डावर यांपैकी काय लिहिणार? यावर सोपा उपाय ‘पाहिजे’ हा आहे. तो लाडू, पोळी आणि दूध तिन्हींना तसाच चालतो, आणि आपल्या भागात घरोघरी तोच ऐकू येतो. कार्डे ओळीने लावायच्या पट्टीवर ‘मला – दूध – पाहिजे’ असाच क्रम ठेवावा. दुधाचे चित्र म्हणून परदेशी कागदी खोक्याऐवजी त्याच्याच स्टीलच्या पेल्याचा फोटो काढून लावावा.

केवळ मागण्यांची कार्डे मात्र पुरेशी नाहीत. ‘नको’, ‘थांब’, ‘संपलं’, ‘मदत’ आणि ‘दुखतंय’ ही कार्डे लवकर आणावीत, आणि त्याने ‘नको’ दिल्यावर शक्य तिथे ते मानावे. न मानलेला नकार पुन्हा रडण्याकडेच नेतो. घरोघरी दिसणारी एक चूक म्हणजे कार्डे कपाटात ठेवून ‘अभ्यासाच्या’ वेळी काढणे, किंवा हट्ट केला म्हणून काढून घेणे. बडबड्या मुलाची जीभ आपण शिक्षा म्हणून काढून ठेवत नाही! कार्डे दिवसभर त्याच्या हाताशी असावीत, आणि आपणही बोलता बोलता त्यांवर बोट ठेवावे. ज्या भाषेत आजूबाजूचे कोणी बोलत नाही, ती भाषा मूल शिकणार कशी?

अ‍ॅपसाठी कार्डांत पारंगत होण्याची वाट पाहायला हवीच असे नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे चित्रावर बोट ठेवताच शब्द उच्चारणारे अ‍ॅप विनामूल्य असून त्यात मराठी आहे. तिथून सुरुवात करावी. ते ज्या मोबाइलवर किंवा टॅबवर असेल, तो फक्त बोलण्यासाठी ठेवावा, कारण त्याच पडद्यावर कार्टून दिसू लागले की बोलणे मागे पडते. आणखी एक इशारा : मुलाचे मनगट किंवा कोपर धरून त्याच्याकडून अक्षरांवर बोट ठेववून घेण्याची पद्धत कोणी सुचवली, तर नकार द्यावा. नियंत्रित चाचण्यांत असे शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असल्याचे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

प्रश्न : माझी सात वर्षांची स्वमग्न नात गणपतीच्या मिरवणुकीत आणि कुकरच्या शिट्टीलाही कान दाबून किंचाळते. मुलाने कानांवरचे हेडफोन आणि वजनदार पांघरूण ऑनलाइन मागवायचे ठरवले आहे. हा खर्च योग्य आहे का?
— एक आजोबा, ठाणे

उत्तर : कानांच्या आवरणांवरचा खर्च योग्य आहे. कारखान्यात वापरतात तशी, बॅटरी नसलेली साधी आवरणेही आवाज साधारण वीस ते तीस डेसिबलने उतरवतात. ढोल-ताशा जवळून शंभर डेसिबलच्या पुढे जातो, म्हणजे आवरण घालूनही पथकाशेजारी उभे राहणे तिला सोसेलच असे नाही. गॅलरीतून मिरवणूक पाहणे बरे. दिवसभर ती घालून ठेवू नयेत, कारण शांततेची सवय झालेल्या कानांना साधा आवाजही बोचू शकतो. कुकरसाठी तर पैसे लागणारच नाहीत : शिट्टी होण्याआधी तिला सांगावे, आणि दुसऱ्या खोलीत जाण्याची मुभा द्यावी. अचानकपणा गेला की निम्मा त्रास जातो, असा माझा अनुभव आहे.

पांघरुणाबद्दल मी घाई करणार नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, स्वमग्न मुलांवरील एका ब्रिटिश चाचणीत त्याने झोपेचा एकूण वेळ वाढला नाही, मात्र मुलांना व पालकांना ते साध्या पांघरुणापेक्षा अधिक आवडले. घ्यायचेच असल्यास वजन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी ठरवावे, ते तोंडावर कधीही येऊ नये, आणि नातीला ते स्वतःहून दूर सारता यायला हवे. ठाण्याच्या दमट हवेचाही विचार व्हावा. तिला दाब आवडतो का, हे आधी गोधडीत घट्ट गुंडाळण्याच्या खेळातून फुकटात कळेल.

थेरपीच्या खर्चासाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना पाहावी. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते.

प्रश्न : माझ्या दुसरीच्या वर्गातील एक स्वमग्न विद्यार्थी सतत शर्टाची कॉलर चघळतो. रागावून उपयोग होत नाही.
— एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : रागावणे थांबवावे. चघळल्याने अनेक मुलांना शांत बसायला मदत होते, तेव्हा सवय मोडण्याऐवजी वस्तू बदलावी. गळ्यात घालायची सिलिकॉनची चघळणी मिळते. मात्र तिची दोरी ओढल्यावर आपोआप सुटणारी असावी, ती रोज धुवावी आणि चिरा पडताच टाकून द्यावी. मधल्या सुट्टीत गाजर किंवा काकडीच्या फोडी खायला दिल्या, तर दातांना काम मिळते. तो खडू, माती किंवा भिंतीचा रंग खात असेल, तर तो प्रश्न चघळणीने सुटणारा नाही. पालकांना त्याला डॉक्टरकडे नेऊन रक्ततपासणी करून घेण्यास सांगावे.