पीटीच्या तासाला सूट मागू नका

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही कोथरूडला राहतो. ह्यांची बदली शिकागोजवळ नेपरव्हिलला होते आहे. मुलगी आठवीत आहे, ऑगस्टमध्ये तिकडे नववीत जाईल. ऑफिसातल्या लोकांनी नेपरव्हिल सेंट्रल हायस्कूलचं नाव सुचवलं. पण ती पडली सरकारी शाळा, आणि तिच्याबद्दल वाचायला मिळतं ते सगळं बास्केटबॉल-फुटबॉलचं. शिवाय पीटी सक्तीची आहे म्हणे. मुलगी बॅडमिंटन बरं खेळते, पण आम्हाला काळजी अभ्यासाची आहे. पीटीतून सूट मिळते का? – एक वाचक, पुणे

उत्तर : अकरावी-बारावीत काही कारणांसाठी सूट मागता येते. पण मागू नका, हे आधीच सांगते. डोंबिवलीत मी जन्मभर पीटी शिकवली. सहामाही जवळ आली की माझा तास गणिताला नाहीतर इंग्रजीला जायचा आणि मुलं खिडकीतून मैदान बघत बसायची. निवृत्तीनंतर लेकीकडे नेपरव्हिलला माझं जाणं-येणं असतं, नात याच शाळेत आहे. तिथे मी उलटं पाहिलं, वाचायला किंवा गणितात कच्च्या असलेल्या मुलांना त्या विषयाच्या आधी मुद्दाम पीटीचा तास देतात.

त्यामागची हकीकत सांगण्यासारखी आहे. याच डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या विभागाच्या) एका मिडल स्कूलमध्ये फिल लॉलर नावाचे पीटीचे शिक्षक होते. १९९० च्या सुमाराला त्यांनी मुलांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा लावायला सुरुवात केली. एक मुलगी पळताना नेहमी मागे असायची. तिचा आकडा पाहिला तर ठोके मिनिटाला सरासरी १८७! म्हणजे बिचारी जिवाच्या आकांताने पळत होती, आणि एरवी तिला "जरा पाय उचल" असंच ऐकावं लागलं असतं. लॉलरसरांनी तिथून गुण द्यायची पद्धतच बदलली. पहिला कोण आला याला गुण नाहीत, आपापल्या ठोक्यांच्या ठरलेल्या टप्प्यात किती मिनिटं राहिलात याला गुण. सेंट्रलमध्ये पीटी विभागाचे प्रमुख पॉल झिएन्टार्स्की यांनी हेच पुढे नेलं. शाळेचा पहिला तास सुरू व्हायच्या आधी 'झिरो अवर' म्हणून व्यायामाचा तास ठेवला आणि त्यानंतर लगेच वाचनाचा वर्ग. व्यायाम करून वर्गात बसलेली मुलं वाचनात जास्त सुधारली. मी हे वाचलं तेव्हा माझे वाया गेलेले सगळे तास डोळ्यांसमोर आले.

पीटी म्हणजे कवायत आणि खो-खो एवढंच डोळ्यांपुढे आणू नका. चढायची भिंत असते, नाच असतो, वजनं उचलणं असतं. जोडीने करायचा स्क्वेअर डान्ससुद्धा शिकवतात, कारण अनोळखी मुलाशी किंवा मुलीशी नीट बोलता यावं हाही त्यात हेतू आहे. नवख्या देशात आलेल्या तुमच्या मुलीला पहिल्या महिन्यात मैत्रिणी मिळतील त्या बहुधा इथेच.

आता अभ्यास. १९९९ साली 'टिम्स' ही गणित-विज्ञानाची आंतरराष्ट्रीय परीक्षा झाली, तेव्हा सेंट्रल ज्यात येते त्या नेपरव्हिलच्या २०३ नंबरच्या डिस्ट्रिक्टने स्वतंत्र देशासारखा भाग घेतला. त्यांची आठवीची मुलं विज्ञानात जगात पहिली आणि गणितात सहावी आली. गणितात त्यांच्या पुढे सिंगापूर, कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि जपान एवढेच. याचं सगळं श्रेय पीटीला देणारे लोक आहेत, ते मला पटत नाही. गावात बेल लॅब्ज, जवळच फर्मीलॅब आणि अरगॉन, अशा मोठ्या संशोधन संस्था. शिकलेल्या आईबापांची वस्ती. पण रोजच्या व्यायामाने अभ्यास बुडत नाही, एवढं त्यातून नक्की सिद्ध झालं.

सरकारी म्हणून नाक मुरडू नका. तिथली सरकारी शाळा मुख्यतः गावच्या घरपट्टीवर चालते, त्यामुळे लोकांचं तिच्यावर बारीक लक्ष असतं. सेंट्रल आज जिथे आहे, त्या अरोरा ॲव्हेन्यूवर ती १९५० पासून आहे. तेव्हा गावात ही एकच हायस्कूल होती. १९७५ मध्ये नेपरव्हिल नॉर्थ निघाली, मग हिला 'सेंट्रल' म्हणायला लागले. दोघींची चुरस अजून तशीच आहे.

खेळाच्या बातम्या येतात, कारण खेळाडूच तसे घडले. बास्केटबॉलपटू कँडेस पार्कर इथलीच. डिसेंबर २००१ मध्ये, पंधरा वर्षांची असताना, तिने सामन्यात डंक मारला, म्हणजे उंच उडी घेऊन चेंडू हाताने थेट कड्यात घातला. २००३ आणि २००४ ला शाळेला राज्याचं विजेतेपद मिळवून दिलं. २००४ मध्ये देशभरातल्या निवडक शालेय खेळाडूंच्या डंक स्पर्धेत मुलांना हरवून पहिली आली. पुढे ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघाला सुपर बोल हा अजिंक्यपदाचा सामना जिंकून देणारे प्रशिक्षक शॉन पेटन विद्यार्थी असताना इथेच क्वार्टरबॅक (चढाईचा सूत्रधार) होते. २०१३ ला याच अमेरिकन फुटबॉलमध्ये शाळा राज्यात सर्वांत मोठ्या गटाची विजेती होती.

तुमच्या काळजीवर नेमका उतारा असा : इलिनॉय राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेच्या नियमाने खेळाडूला साधारण पाच विषयांत पास असावं लागतं, आणि ते दर आठवड्याला तपासतात. नापास असेल तर पुढच्या आठवड्यात सामना नाही. मुलं त्या धाकाने वह्या पूर्ण करतात, मी घरी बघते ना! आणि मुलींचं बॅडमिंटन हा तिथे राज्यपातळीवरचा खेळ आहे, हंगाम वसंतात. निवड चाचणी चुकवू नका. दहावीचा बोर्ड तिथे नाही. चारही वर्षांचे गुण मोजले जातात, म्हणून नववी हलकी घेऊ नका. अकरावीत आता राज्याची परीक्षा म्हणून एसीटी (कॉलेज प्रवेशासाठीही चालणारी परीक्षा) असते.

घर घेताना मात्र डोळ्यांत तेल घाला. पत्ता नेपरव्हिलचा असला तरी शाळा सेंट्रलच मिळेल असं नाही. गावाचा मोठा भाग २०४ नंबरच्या इंडियन प्रेअरी डिस्ट्रिक्टमध्ये येतो, तिथल्या न्यूक्वा व्हॅली आणि मेटिया व्हॅलीत आपली मुलं पुष्कळ आहेत आणि त्या शाळाही चांगल्या आहेत. २०३ मध्येही सेंट्रल आणि नॉर्थ अशी वाटणी आहे. भाडेकरारावर सही करायच्या आधी तो पत्ता डिस्ट्रिक्टच्या नकाशावर तपासा. नववीच्या प्रवेशाला डॉक्टरांची तपासणी आणि लसींची नोंद लागते, तेव्हा मुलीचं लहानपणापासूनचं लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, कंटेनरमध्ये पाठवू नका.