तपकिरी चरबी जनुकांवर ठरत असेल, तर पहाटे गार पाण्यानं अंघोळ करून काय उपयोग?

तुमचं म्हणणं असं की घरात सगळेच अंगानं भरलेले. धाकटा भाऊ तालमीतून आला की गार पाण्याच्या बादल्या ओतून घेतो आणि ‘यानं तपकिरी चरबी वाढते’ म्हणतो. तुम्हाला वाटतं, जे व्हायचं ते जनुकांत ठरलेलं आहे, बादलीनं काय होणार? मी कोल्हापुरातच एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतो. थंडी पडली की हा वाद वर्गातही निघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे.

पांढरी चरबी साठवते, तपकिरी चरबी जाळते. हिच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया (अन्न जाळून ऊर्जा काढणाऱ्या पेशीतल्या भट्ट्या) खच्चून भरलेले असतात आणि त्यांतल्या लोहामुळे तिला तो रंग येतो. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात यूसीपी-१ नावाचं प्रथिन असतं. एरवी अन्न जाळून मिळालेल्या ऊर्जेतून, प्रोटॉन नावाच्या कणांच्या प्रवाहावर, एटीपी हे पेशीचं वापरायचं इंधन तयार होतं. यूसीपी-१ मात्र प्रोटॉनना आडवाट काढून देतं, एटीपी बनतच नाही आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन निघते. गाडी न्यूट्रलला ठेवून रेस पिळावी तसं: पेट्रोल जळतं, इंजिन तापतं, गाडी जागच्या जागी. तान्ही बाळं हुडहुडी न भरता ऊब धरतात ती याच चरबीवर. डुकरांच्या पूर्वजांत यूसीपी-१चं जनुक सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी मोडलं, म्हणून डुकराच्या पिल्लांना थंडीत कुडकुडूनच अंग गरम ठेवावं लागतं.

मोठ्या माणसांत ही चरबी जवळजवळ उरत नाही असं बरीच वर्षं मानलं जायचं. २००९ साली बॉस्टन, मास्ट्रिख्त आणि तुर्कू इथल्या तीन गटांनी पेट स्कॅनवरून (अंगात साखर कुठे जास्त ओढली जाते ते दाखवणारी तपासणी) दाखवलं की ती मानेत आणि गळपट्टीच्या हाडाच्या वर असते, आणि थंडीत कामाला लागते. कॅन्सरच्या पेट स्कॅनआधी रुग्णाला उबेत ठेवतात त्याचं एक कारण हेच. नाहीतर ही चरबी साखर ओढते आणि फोटोत गाठीसारखी चमकते.

आता जनुकांकडे. कोल्हापूरकरांना आवडेल अशी गोष्ट इथं आहे. पाठीवरच्या खांद्यांमधल्या तपकिरी चरबीची भावकी पांढऱ्या चरबीपेक्षा स्नायूंशी जवळची निघाली. गर्भात एमवायएफ-५ हे जनुक ज्या पेशींत चालू झालेलं असतं, त्यांतल्या काही पुढे स्नायू होतात, काही तपकिरी चरबी. २००८ साली ब्रूस स्पीगलमन यांच्या हार्वर्डमधल्या गटानं हे उंदरांत दाखवलं. तपकिरी चरबीच्या कोवळ्या पेशींतून पीआरडीएम-१६ हे प्रथिन कमी केलं, तर त्या स्नायूंच्या पेशी होऊ लागल्या. उलट, स्नायूंच्या कोवळ्या पेशींत ते घातलं, तर त्या तपकिरी चरबी झाल्या. म्हणजे पैलवान ज्या दंडावर मेहनत घेतो तो आणि ही चरबी एकाच घरातले.

पीआरडीएम-१६ एकटं काही करत नाही. सी/ईबीपी-बीटा, पीपीएआर-गॅमा आणि पीजीसी-१-आल्फा या प्रथिनांशी जोडी जमवून ते यूसीपी-१सकट उष्णतेची जनुकं चालू करतं. ईएचएमटी-१ हे विकर (एन्झाइम) सोबत घेऊन ते स्नायूंची जनुकं बंदही ठेवतं. यातलं पीपीएआर-गॅमा पांढऱ्या चरबीलाही लागतं. त्यामुळे ‘तपकिरी चरबीचं जनुक’ असं एक काही शोधायला गेलात तर हाती लागणार नाही. प्रथिनं बरीचशी तीच, ती कुणाबरोबर आणि डीएनएवर कुठे बसतात यावर सगळं.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते २०१४चं काम. पीआरडीएम-१६ नसलेल्या उंदरांत जन्माच्या वेळी तपकिरी चरबी ठीकठाकच होती, कारण पीआरडीएम-३ हे भावंड काम भागवत होतं. वय वाढलं तशी मात्र ती चरबी आपला गुण गमावून पांढरीसारखी होऊ लागली. थोडक्यात, तपकिरी होणं हा गर्भातच एकदा होऊन गेलेला निर्णय नाही. ती ओळख पेशीला पुढेही राखावी लागते. ‘जनुकांत ठरलेलं’ हे तुमचं वाक्य मला इथं अपुरं वाटतं.

थंडी येते ती याच ठिकाणी. गारठा लागला की मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन सुटतं आणि पेशीवरच्या बीटा-३ ग्राहकांना (निरोप घेणाऱ्या प्रथिनांना) धरतं. पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, साठलेली चरबी फुटते, पीजीसी-१-आल्फा जोर धरतं, मायटोकॉन्ड्रिया आणि यूसीपी-१ वाढतात. पांढऱ्या चरबीतसुद्धा काही पेशी यूसीपी-१ बनवू लागतात. त्यांना बेज पेशी म्हणतात. त्यांची वंशावळ एमवायएफ-५वाली नसते, तरी काम तेच.

म्हणजे भाऊ जिंकला? थांबा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात ज्यांची तपकिरी चरबी कमी होती त्यांना रोज २ तास १७ अंश सेल्सियसच्या खोलीत बसवलं, असं ६ आठवडे. त्यांची तपकिरी चरबी वाढली, थंडीतला ऊर्जाखर्च वाढला आणि अंगातली चरबी थोडी घटली. रोज २ तास! दोन बादल्यांत उरकणाऱ्या अंघोळीचा हिशेब त्यात बसत नाही. वर तालमीतून आल्यावर जी भूक लागते, तिच्यापुढे या चरबीचा खर्च किरकोळ आहे. अंघोळीनं तरतरी येते म्हणत असेल तर करू दे, वजनासाठी नको. घरात कुणाला रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्यांनी एकदम गार पाणी ओतून घेऊ नये, रक्तदाब झटकन चढतो.

‘घरात सगळेच’ याचं काय? एफटीओ या जनुकातला एक फरक २००७ साली लठ्ठपणाशी जोडला गेला. युरोपीय लोकांत तो आईवडील दोघांकडून आलेल्यांचं वजन सरासरी ३ किलोनं जास्त दिसलं. २०१५ साली कारण पुढे आलं, आणि ते फार सुरेख आहे. एफटीओच्या आत डीएनएचं एक अक्षर टीऐवजी सी असतं. त्यामुळे एआरआयडी-५बी हे दाबून ठेवणारं प्रथिन तिथं बसू शकत नाही. परिणाम होतो लांबवरच्या आयआरएक्स-३ आणि आयआरएक्स-५ या जनुकांवर: ती मोकाट होतात, आणि चरबीची कोवळी पेशी बेज होण्याऐवजी साठवणारी होते. पेशींत ते एक अक्षर दुरुस्त केल्यावर जाळण्याचा गुण परत आला. हे प्रयोगशाळेतल्या पेशींत, माणसात नव्हे. आणि ३ किलो म्हणजे ३ किलोच. वंशात असेल तरी सगळा दोष अक्षरावर टाकता येत नाही, एका घरात एकच चूल असते हेही धरा.

शेवटी भावासाठी एक, कारण जिममध्ये ‘फॅट बर्नर’ फिरतात. यूसीपी-१ जे फक्त तपकिरी आणि बेज पेशींत, ताब्यात राहून करतं, तेच डायनायट्रोफिनॉल (डीएनपी) हे रसायन सगळ्या शरीरात बेलगाम करतं. १९३३ पासून अमेरिकेत वजन उतरवायला ते सर्रास दिलं गेलं. लोकांना मोतीबिंदू झाले, काहीजण अंग तापून मेले आणि १९३८ साली ते तिथं बंद झालं. त्यावर उतारा नाही. डीएनपी नावाची पिवळी पावडर किंवा कॅप्सूल कुणी देऊ केली तर घेऊ नको म्हणावं.