शिकवायला लागल्यावर वास्तुविशारदाचे काम सुटते का?

तुम्ही वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षात आहात, पुढे नगरनियोजन शिकून प्राध्यापक व्हावे असे तुम्हाला वाटते, आणि जेथे प्रशिक्षण घेता तेथील वरिष्ठ सांगतात की शिकवायला लागलेल्या माणसाचे प्रत्यक्ष काम सुटते. हे खरे आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. मी सात वर्षे इमारतींचे काम केल्यावर नगरनियोजनाकडे वळलो आणि त्यानंतर तोच विषय शिकवत आलो. माझे उत्तर असे आहे की काम सुटत नाही, मात्र त्याचे स्वरूप बदलते. आणि हा बदल समजून घ्यायचा असेल, तर माझ्यापेक्षा वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्या कारकिर्दीकडे पाहणे अधिक उपयोगाचे होईल.

दोशींचा जन्म 1927 साली पुण्यात, लाकडी सामानाचा व्यवसाय असलेल्या कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात वास्तुकला शिकून ते युरोपात गेले, 1951 ते 1954 या काळात पॅरिसला विख्यात वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे त्यांनी काम केले, आणि ल कॉर्ब्युझिए यांच्याच अहमदाबादमधील इमारतींवर देखरेख करण्यासाठी परत आले. 1956 साली त्यांनी स्वतःचे कार्यालय काढले. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, म्हणजे वयाच्या पस्तिशीत, एखादा तरुण व्यावसायिक सगळा जीव नव्या कामांमागे लावतो त्या काळात, त्यांनी अहमदाबादला वास्तुकलेचे विद्यालय सुरू केले. त्याच सुमारास अमेरिकी वास्तुविशारद लुई कान यांना भारतीय प्रबंध संस्थेच्या (आयआयएम) इमारतींच्या कामासाठी अहमदाबादला आणण्यातही ते पुढे होते. 1972 मध्ये त्या विद्यालयाशेजारी नियोजनाचे विद्यालय उभे राहिले, त्याचे संस्थापक संचालकही दोशीच. आज ही सारी संस्था सेप्ट विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. ज्या आवारात ते शिकवत, त्याचे संकल्पनही त्यांनीच केले होते. तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे सरसकट खरे असते, तर 1962 नंतर दोशींच्या हातून फारसे काही घडायला नको होते. प्रत्यक्षात त्यांच्या ज्या कामांची जगाने नोंद घेतली, त्यांतील बहुतेक त्यानंतरची आहेत.

त्यांतील एका कामाविषयी सविस्तर लिहितो, कारण अध्यापनाचा, अभ्यासाचा आणि रेखनाचा संबंध तेथे जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो. इंदूरच्या विकास प्राधिकरणासाठी 1980 च्या दशकात दोशींनी अरण्य या वसाहतीचे नियोजन केले. क्षेत्र सुमारे 85 हेक्टर, भूखंड सुमारे 6,500, आणि त्यांतील बहुसंख्य आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांसाठी. याच काळात त्यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशन या संशोधन संस्थेने कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या गटाबरोबर इंदूरच्या झोपडवस्त्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. लोक घराबाहेर काय करतात, ओटा किती रुंद ठेवतात, झाड कोठे लावतात, छोटे दुकान गल्लीच्या कोणत्या वळणावर निघते, हे त्यात मोजले होते. शिकवणाऱ्या माणसाची ही सवय असते: उत्तर काढण्याआधी, जे आधीपासून चालू आहे ते नोंदवून घ्यायचे.

अरण्यमध्ये गरीब कुटुंबाला तयार घर देण्याऐवजी सुमारे 35 चौरस मीटरचा भूखंड, त्यावर जोते, नळ आणि शौचालय एवढेच दिले गेले, आणि पुढचे बांधकाम त्या कुटुंबाने ऐपतीप्रमाणे, वेळ मिळेल तसे करायचे होते. मुख्य रस्त्यांकडेचे मोठे भूखंड चांगल्या किमतीला विकून त्या पैशांतून लहान भूखंडांचा भार हलका करायचा होता. नमुना म्हणून 80 घरे बांधून दाखवली. जिन्याची, सज्जाची, ओट्याची निरनिराळी जुळवणी कशी करता येईल हे त्यांतून लोकांना दिसावे, हा हेतू. 1995 मध्ये या कामाला वास्तुकलेसाठीचा आगा खान पुरस्कार मिळाला. मला मात्र पुरस्काराहून हे महत्त्वाचे वाटते की येथे वास्तुविशारदाने घराचा बराचसा भाग मुद्दाम अपुरा सोडला, आणि कोणता भाग अपुरा सोडावा हे ठरवायला त्याला अतिशय काटेकोर कौशल्य लागले.

इमारतीचा आराखडा काढताना ग्राहक आपल्यासमोर बसलेला असतो. नियोजनात तसे नसते: शहराचा विकास आराखडा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा, वीस वर्षांसाठी होतो, आणि ज्यांच्यासाठी तो होतो त्यांतील अनेकजण अजून त्या शहरात आलेलेही नसतात. शिवाय महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यानुसार तो प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना ऐकाव्या लागतात. नियोजनातील माझ्या पहिल्याच कामात मी नकाशावर एक 12 मीटरचा रस्ता आखला होता. जागेवर गेल्यावर कळले की तो एका विहिरीवरून आणि तिच्याशेजारच्या तीन खोल्यांवरून जातो. आमच्या नकाशात त्या खोल्यांची नोंदच नव्हती. त्या घरातील आजींनी मला सावलीत बसवून पाणी दिले आणि रस्ता नक्की कोठून जाणार हे विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून मी पहिल्या सत्रातील विद्यार्थ्यांना विद्यमान जमीनवापराचे सर्वेक्षण पायीच करायला लावतो, आणि उपग्रहचित्रावरून भरलेला तक्ता स्वीकारत नाही.

या वाटेची किंमतही आहे आणि ती लपवणे योग्य होणार नाही. मोठी बांधकामे हातात घेऊन पूर्णवेळ शिकवणे बहुतेकांना जमत नाही. सत्र चालू असताना साइटवरून बोलावणे आले तर कोणाकडे तरी दुर्लक्ष होतेच. पीएच.डी.मध्ये काही वर्षे जातात, आणि प्राध्यापकाचा बराच वेळ मान्यता, परीक्षा व अहवाल यांत खर्च होतो. दोशींच्या पाठीशी सक्षम कार्यालय होते आणि 1978 पासून संशोधनासाठी वेगळी संस्था होती. आपल्यापैकी थोड्यांनाच असा आधार मिळतो. म्हणून पदवीनंतर लगेच अध्यापनात शिरू नका. किमान तीन वर्षे अशा कार्यालयात काम करा जेथे तुम्हाला गवंड्याशी, अभियंत्याशी आणि महापालिकेच्या नगररचना विभागाशी स्वतः बोलावे लागेल. नियोजनाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी त्यानंतर घ्या. प्रवेश घेण्यापूर्वी इंदूरला जाऊन अरण्यच्या गल्ल्यांतून एक पूर्ण दिवस फिरा, रहिवाशांची परवानगी घेऊन दहा ओटे टेपने मोजा, आणि जोत्यावर कोणी केव्हा काय बांधले हे त्यांनाच विचारून वहीत लिहून आणा.